थंडीत पिकअप पहाटे सेल्फ घेत नाही? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गाडीवाल्यांसाठी बॅटरीपासून ब्रेकपर्यंत सगळं

इंटरनेटवर हिवाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यायची म्हणून शोधा, जे येतं ते सगळं बर्फाच्या मुलखातलं. टायरला साखळ्या बांधा, इंजिनला रात्रभर हीटर लावा, काचेवरचा बर्फ खरवडा. आपल्याकडं पहाटे पारा १०-१२ पर्यंत उतरला तरी लई झालं. तेव्हा आपल्या पिकअपमधलं काही गोठत-बिठत नाही हे आधी डोक्यात घ्या, आणि गोठू नये म्हणून कोण बाटली विकत असेल तर ती घेऊ नका.

तरीपण डिसेंबर-जानेवारीत पहाटे चारला एपीएमसीला किंवा गोव्याला भाजी घेऊन निघायच्या टायमाला गाड्या ढकलाव्या लागतात हे खरंच आहे. त्याचं कारण म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हानं बॅटरी आतनं खाल्लेली असते, पावसाळ्यानं अर्थिंगला गंज चढवलेला असतो, टाकीत पाणी साठलेलं असतं, आणि हे सगळं गरम दिवसात कसंबसं चालून जातं, पण थंडीत ऑइल घट्ट झालेलं आणि बॅटरी ढिली पडलेली अशी दोन्हीकडनं ओढाताण झाली की गाडी बसते. गाडी केए-२२ असू दे नाहीतर एमएच-०९, बोलेरो असू दे, दोस्त असू दे की योद्धा, गोष्ट तीच.

म्हणून खरं काम दसऱ्याला करायचं. खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालून पूजा करतोच की आपण, त्याच आठवड्यात एक सकाळ काढून खालची कामं उरकून टाका.

बॅटरी आणि अर्थिंग

मल्टीमीटर नसेल तर एक घ्या, साधा चालतोय. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी चावी न लावता मोजा. १२.६ किंवा वर असेल तर फुल चार्ज आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० दाखवत असेल तर ती उद्या सकाळी तुम्हाला दगा देणार. पण नुसत्या या आकड्यावर विश्वास ठेवू नका, जुनी बॅटरी उभ्या उभ्या १२.६ दाखवते आणि लोड आला की बसते. म्हणून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून तेव्हाच मीटर बघायचा. सेल्फ फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी एकतर रिकामी आहे नाहीतर संपली. फुल चार्ज करून परत तेच झालं तर बदला, मग त्यात पाणी घाल, हे घाल करत बसू नका.

गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या मधे यायला पाहिजे. कमी असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), त्याचा पट्टा नाहीतर वायर बघायची. पहाटे दव पडल्यावर पट्टा चिरकतो आणि मिनिटभरात आवाज बंद होतो, तो बहुतेक ढिला नाहीतर गुळगुळीत झालेला असतो. कायतरी स्प्रे मारून आवाज बंद करण्यापेक्षा पट्टाच बदला.

आता अर्थिंग. याच्याकडं कोण बघतच नाही, आणि माझ्या मते आपल्या भागात, विशेष करून जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याकडं पावसात फिरणाऱ्या गाड्यांत, निम्म्या चांगल्या बॅटऱ्या याच्यापायी फुकट बदलल्या जातात. बॅटरीच्या मायनसमधनं एक केबल चॅसीला आणि इंजिनला जाते, तिच्या बोल्टखाली चिखल आणि गंज बसतो आणि करंट जायला वाटच राहत नाही. तपासायचं असं: मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब, बोल्ट काढा, पॉलिश पेपरनं खालचं लोखंड चकचकीत करा, परत आवळा. खर्च शून्य.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं धुवायची, वाळवायची, टर्मिनल आवळायचं आणि मग वरनं व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग टर्मिनल नाही. काढताना मायनस पहिल्यांदा, लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणगी उडते. झाकणाची बॅटरी असेल तर त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी घालायचं नाही.

अजून एक, केबिनवरची लायटिंग, डेक, अँप, एलईडी बार हे सगळं बरेच जण डायरेक्ट बॅटरीवर जोडतात. चावी काढल्यावर बी अँप थोडा थोडा करंट खात राहतो, उन्हाळ्यात ते जाणवत नाही. सगळं बंद करून मायनस केबल सोडायची, मीटर अँपिअरच्या खाचेत लावून खुंटी आणि केबलच्या मधे जोडायचा, पन्नास मिलिअँपच्या वर करंट जात असेल तर एकेक फ्यूज काढून चोर शोधायचा. मीटर असा लावलेला असताना चुकून बी सेल्फ मारू नका, मीटर जातो.

चालू होत नाही: आवाज ऐका, धूर बघा

मिस्त्रीला पहाटे फोन करण्याआधी गाडी काय सांगतेय ते बघा. बहुतेक वेळा ती सांगतेच.

चावी फिरवली आणि काहीच नाही, डॅशचा लाइट पण नाही: टर्मिनल सुटलंय नाहीतर बॅटरी पूर्ण झोपलीय. टक-टक-टक-टक असा भराभर आवाज: बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल ढिलं. एकदाच मोठा टक आणि गप्प: सेल्फचा सोलेनॉइड, नाहीतर सेल्फच, पण त्याआधी वर सांगितलेली अर्थिंग बघा. सेल्फ जड फिरतोय, दम लागल्यासारखा: बॅटरी, अर्थिंग, आणि या दोन्ही चांगल्या असतील तर सेल्फचे बुश-कार्बन.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन घेत नाही, इथं माणसं चुकतात आणि बॅटरी संपेपर्यंत चावी धरून ठेवतात. एका वेळी दहा सेकंदाच्या वर सेल्फ मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळतो. त्या वेळात कुणालातरी सायलेन्सरमागं उभं करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, म्हणजे सिलिंडर आतनं तापवणारे हीटर प्लग (तुमच्या गाडीत असतील तर) नाहीतर कॉम्प्रेशनचा मामला. अजिबात धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही, फिल्टर चोक, एअर धरलीय (डिझेलच्या पाइपात हवा शिरलीय) नाहीतर टाकीत पाणी. चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडली तर पण फिल्टर आणि एअरच.

हीटर प्लगवाल्या गाडीत चावी ऑन केली की डॅशवर पिवळा स्प्रिंगसारखा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल्फ. घाईत लोक हे करत नाहीत आणि मग म्हणतात गाडी थंडीत त्रास देते. प्लग तपासायला वायर काढून मीटरनं ओहम मोजा, चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर तो मेला. चारातला एक गेला तर गाडी चालू होते पण थरथरत, एका सिलिंडरवर लंगडत, आणि गरम झाली की नीट. हे लक्षण दिसलं तर प्लगच बघा, इंजेक्टर उघडायला देऊ नका.

सकाळी थोडा पांढरा धूर निघून पाच मिनिटांत थांबला तर ठीक आहे, थंडीत होतोच. इंजिन गरम झाल्यावर पण पांढरा येतोय आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅसकेटकडं लक्ष द्या.

जंप द्यायचा झाला तर लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्याच्या प्लसला, काळी चांगल्याच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतनं हायड्रोजन निघत असतो, तिथं ठिणगी नको. ढकलून चालू करायची तर चावी ऑन ठेवून दुसऱ्या गिअरमधे, आणि सपाट जागीच. उतारावर ढकलून दिलेल्या गाडीत इंजिन बंद असतंय, ब्रेकला व्हॅक्युम नाही, पॉवर स्टिअरिंग असेल तर ते पण जड, आणि मागं हौद्यात कोबी भरलेला. तिथं हिरोगिरी करू नका.

डिझेल: रॉकेल नको, पाणी काढा

जुनी माणसं अजून सांगतात थंडीत डिझेलमधे थोडं रॉकेल घाल, पातळ राहतंय. करू नका. भारतात डिझेलचं जे आयएस १४६० मानक आहे त्यात हिवाळ्यातल्या डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली डिझेल वाहायचं थांबतं तो अंश, जास्तीत जास्त ३ अंश ठरवलेला आहे, म्हणजे आपल्या १०-१२ अंशात ते आरामात वाहतं. उलट रॉकेलला वंगण कमी, आताच्या कॉमन रेल इंजिनातला डिझेलचा पंप डिझेलच्या वंगणावरच चालतो, पंप घासला की तो कचरा इंजेक्टरमधे जातो आणि मग बिल बघून डोळे पांढरे होतात. शिवाय ती भेसळ, कायद्यानं गुन्हा.

आपली खरी अडचण आहे पाणी. दिवसा तीस अंश, पहाटे बारा, टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या हवेतलं बाष्प पत्र्यावर जमतं आणि थेंब थेंब तळाला जातं. म्हणून थंडीत संध्याकाळी गाडी लावतानाच टाकी भरून ठेवायची सवय चांगली. शेतावर बॅरलमधे डिझेल ठेवत असाल तर बॅरलच्या तळाचं कधीच गाडीत ओतू नका.

फिल्टरखाली पाणी सोडायचा एक स्क्रू किंवा प्लास्टिकचा नॉब असतो. महिन्यातनं एकदा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी चालू करायच्या आधी तो ढिला करून खाली पारदर्शक बाटली धरायची. पाणी जड असल्यानं आधी तेच येतं, मग स्वच्छ डिझेल यायला लागलं की बंद करा. त्यानंतर हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबा, मगच सेल्फ, नाहीतर एअर धरते. डॅशवर पाण्याचा दिवा लागला तर तशीच गोव्यापर्यंत मारू नका, तिथंच बाजूला घेऊन सोडा.

इंजिनखाली कागद, काटक्या पेटवून ऑइल गरम करायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. आताच्या गाड्यांत खाली वायरिंग, प्लास्टिक, डिझेलचे पाइप. ती बंद करा. तसंच गाडी पेटावी म्हणून एअर फिल्टरमधे इथरचा स्प्रे मारणं पण बंद करा, हीटर प्लगवाल्या गाडीत तो आतच भडकतो.

ऑइलचं विचाराल तर १५डब्ल्यू-४० आपल्या थंडीला पुरून उरतं, हिवाळ्यासाठी वेगळं काही घालायची गरज नाही. फक्त बीएस-६ गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, पुस्तकात लिहिलंय तेच घाला. त्यात डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी धरणारा फिल्टर) असेल तर चुकीच्या ऑइलची राख त्यात जाऊन बसते आणि ती जळून जात नाही. गावातल्या गावात दूध गोळा करत फिरणाऱ्या गाड्यांना थंडीत डीपीएफचा दिवा जास्त लागतो कारण सायलेन्सर तापतच नाही, अशांनी अधनंमधनं गाडी हायवेला काढून अर्धा तास एकसारखी चालवावी.

थर्मोस्टॅट कुठं गेला?

हा माझा जुना राग आहे. उन्हाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना गाडी तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल काढून फेकतो, आणि गाडी थंड राहते म्हणून सगळे खूश. तो वॉल साधारण ८०-८५ अंशाला उघडतो, तोपर्यंत रेडिएटरचं पाणी इंजिनात येऊ देत नाही म्हणून इंजिन लवकर गरम होतं. तो नसला की डिसेंबरात पहाटे खानापूर सोडलं तरी काटा खालीच, डिझेल नीट जळत नाही, न जळलेलं डिझेल ऑइलमधे उतरून ऑइल पातळ होतं, अॅव्हरेज पडतं, आणि केबिनचा हीटर असेल तर त्यातनं गार वारा येतो. काटा अर्ध्यापर्यंत येतच नसेल तर रेडिएटरचा वरचा पाइप सांभाळून हातानं बघा, सुरुवातीच्या मिनिटांतच तो कोमट व्हायला लागला तर वॉल नाही किंवा उघडाच अडकलाय. नवीन वॉल फार महाग नसतो. गाडी खरंच तापत असेल तर कारण रेडिएटर चोक, फॅन, वॉटर पंप यात आहे, वॉल काढून ते झाकलं जातं एवढंच.

कूलंट आपल्याकडं गोठण्यासाठी नाही, गंजासाठी घालायचं. बोअरच्या पाण्यानं आत खर धरते. निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर, आणि झाकण गरम इंजिनवर उघडायचं नाही.

टायर आणि घाट

दुपारी हवा भरून पहाटे मोजली तर कमी दाखवते, पंक्चर नसतं ते. हवा थंड झाली की दाब पडतो. मागच्या टायरला ६० पीएसआय असेल आणि तीस अंशावरनं बारावर आलं तर साधारण चार पीएसआय कमी होतात. म्हणून सकाळी, गाडी चालवायच्या आधी मोजायचं, आणि आकडा दरवाजाच्या पट्टीवरचा धरायचा, पंपावरच्या पोरानं सांगितलेला नाही. कमी हवेत भरलेली गाडी मारली की टायर बाजूनं तापतो आणि फुटतो.

ब्रेक ऑइलचं मात्र मनावर घ्या. ते हवेतनं पाणी ओढून घेतं, आणि चार महिन्यांच्या पावसात भरपूर ओढतं. नवीन डॉट ३ जातीचं ऑइल कमीत कमी २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की तेच १४० पर्यंत खाली येऊ शकतं (डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५). चोर्ल्यात उतरताना ब्रेक तापला, ऑइल उकळलं, वाफ झाली की पेडल सरळ तळाला जातं. दोन वर्षांनी बदलाच. ज्या गिअरमधे चढतो त्याच गिअरमधे उतरायचं, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की गिअरमधे उतरताना आताच्या इंजिनात डिझेल जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमधे मात्र जळत राहतं. पावसानं हँडब्रेकची केबल पण अडकते, ओढली तर सुटत नाही, ती ऑइल घालून मोकळी करून घ्या, आणि स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस मारताना मागच्या ड्रममधला चिखल काढायला लावा.

काच, धुकं आणि ऊस

काचेवर आतनं वाफ धरते की बाहेरनं ते आधी बोट फिरवून बघा, दोन्हीचा इलाज उलटा आहे. आतनं धरत असेल तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा, एसी हवेतलं पाणी काढतो, सोबत हीटर असेल तर अजून बरं. एसी नसेल तर दोन्हीकडच्या काचा दोन बोटं खाली घ्या, ओली पोती-ताडपत्री केबिनमधनं मागं टाका. काच आतनं धूर-तंबाखूच्या थरानं मळलेली असेल तर वाफ जास्त धरते, साबणानं धुवा. बाहेरनं धरत असेल, जसं कणकुंबीच्या गारठ्यातनं घाट उतरून गोव्याच्या दमट हवेत गेल्यावर होतं, तर वायपर मारा आणि काचेवरचा एसी बंद करा, नाहीतर काच अजून गार होते. काचेवर तंबाखू चोळायचा ड्रायव्हर लोकांचा उपाय पावसातला आहे, धुक्यात त्याचा काय उपयोग नाही, निपाणीकरांनी राग मानू नये.

धुकं सगळ्यात दाट सापडतं ते नदीकाठी, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, दोन्हीकडं ऊस आणि मधे रस्ता. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत दिसते, डिप्परच ठेवा, फॉग लॅम्प असले तर ते खाली वळवलेले पाहिजेत. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय का उभे आहात कळत नाही. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, ब्रेकवर पाय पडायलाच दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर, त्यात भरलेली गाडी थांबायला अजून तेवढंच नाहीतर जास्त. पन्नास मीटरच्या पुढचं दिसत नसेल तर साठनं जायचंच नाही, साधा हिशोब आहे.

आणि गळीत हंगाम. संकेश्वर, चिकोडी, निपाणी, गोकाक, कारखान्याकडं जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पहाटे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, उसाच्या वाढ्यांनी रिफ्लेक्टर झाकलेला, कधी एक्सल मोडून रस्त्यातच उभे. बऱ्याचदा ट्रॅक्टरचा समोरचा एकच दिवा लागलेला दिसतो, त्यामुळं समोरनं मोटारसायकल येतेय असं वाटतं. एकच दिवा दिसला तरी पूर्ण ट्रॉलीची जागा सोडा, ट्रॉली बाजूनं ऊस बाहेर काढून असते. स्वतःच्या गाडीला मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लावा आणि रोज फडकं मारा, धुळीनं ती मरते. त्याच धुळीनं एअर फिल्टर पण हंगामात लवकर चोक होतो, काढून आतनं बाहेर हलकी हवा मारा, काळा धूर आणि चढाला दम कमी झाला तर आधी तोच बघा.

उंदीर आणि गवत

भाताची कापणी झाली की शेतातले उंदीर घराकडं वळतात, आणि रात्री गरम इंजिनावर येऊन बसतात. गवताच्या गंजीजवळ, कणगीजवळ गाडी लावू नका. सकाळी बॉनेट उघडून बघा, साळीचं भुसकट किंवा कुरतडलेला कापूस दिसला तर वायरी एकेक तपासा, मगच सेल्फ मारा. रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवलं तर उंदीर कमी बसतात असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, मात्र दव बघून ठेवा.

पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, भरून नेताना सायलेन्सरवर काडी लोंबत नाही ना ते प्रत्येक थांब्याला बघायचं. गावात रस्त्यावर मळणीला हुलगे, नाचणी पसरलेली असते त्यावरनं गाडी गेली की वेल शाफ्टला गुंडाळतो, घासून तापतो आणि पेटतो, अशा गाड्या जळालेल्या आहेत. शक्यतो बाजूनं काढा. वरनं जावंच लागलं तर पुढं मोकळ्या जागी थांबून खाली वाकून बघा. जळका वास आला तर पिकापासून, गंजीपासून लांब, इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाला दगड, आणि थंड झाल्यावर कोयत्यानं कापून काढा, हातानं ओढायला गेलात तर शाफ्टचं जॉइंट बोटाची सालटी काढतं. केबिनमधे पाच लिटर पाण्याचा कॅन आणि एक छोटा फायर एक्स्टिंग्विशर या दिवसात असू द्या, तो ड्रायव्हर सीटमागं बांधायचा, हौद्यात नाही, कारण हौद्यातच आग असते तेव्हा तो काढणार कसा.